पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला?

रात्री सोसायटीत उभी केली तेव्हा ठणठणीत असलेली गाडी सकाळी घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागताच ढेपाळते. पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही आणि मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो. मग पार्किंगमधल्या शेजाऱ्यापासून कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत एकच निदान कानावर येतं: टर्बो गेला. पाच आकडी बिलाची तयारी तिथेच सुरू होते. पण पिकअप एका क्षणात जातो तेव्हा टर्बोवर सगळ्यात शेवटी संशय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

टर्बो चालतो कसा ते पाहिलं की हे पटतं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. लहान गाड्यांत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. बेअरिंग झिजायला लागलं की टर्बो सहसा आधी बोलतो: किंचाळल्यासारखा आवाज येतो, तेल कमी होतं, निळा धूर निघतो. यातलं काहीच नाही आणि फक्त ताकद गेली, तर दोन शक्यता आधी पाहायच्या. दाबलेली हवा वाटेत निसटते आहे, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरनेच टर्बोला आवर घातला आहे.

हवा निसटते ती बहुधा टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या पाइपांतून. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असतो, त्यामुळे खड्डे, स्पीडब्रेकर आणि साचलेलं पाणी या सगळ्यांचा मार खालच्या पाइपांना बसतो. बॉनेट उघडून पाहिलं तर रबरी होज अगदी नवा दिसतो. पण क्लॅम्प सोडून तो हातात घेऊन वाकवला की खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेला लागून, बोटाच्या पेराएवढी चीर तोंड उघडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते आणि दाब आला की फाकते. म्हणून नुसतं बघून ‘पाइप ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चिरेभोवती तेल आणि धूळ मिसळून काळा ओलसर डाग पडलेला असतो, तो शोधायचा. डाग सापडला नाही तर पाइपांत धूर सोडणारं मशीन लावून घ्या, किंवा हवा भरून साबणाचं पाणी मारायला सांगा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो तसंच हे काम आहे. डिझेल गाडी असेल तर अशा गळतीत जोर लावताना काळा धूर येतो आणि ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो.

पाइप काढला आणि आत बोटाला तेल लागलं की ‘टर्बोचं सील गेलं’ असं लगेच सांगितलं जातं. पण इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा याच वाटेने आत घेतली जाते, त्यामुळे पाइपात तेलाचा पातळ ओशटपणा असणारच. तेल वाटीभर साचलं असेल तर मात्र दांडा हलवून त्याचा प्ले बघायलाच हवा.

स्कॅनरवर ‘पी ०२९९’ हा कोड आला की काही जण टर्बोच्या कोटेशनचा कागद काढतात. या कोडचा अर्थ एवढाच की जेवढा दाब अपेक्षित होता तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी आकडे वाचावे लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी ठिकाणं समुद्रसपाटीच्या जवळ आहेत, म्हणून चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅनिफोल्डच्या प्रेशर सेन्सरने साधारण १०० किलोपास्कल दाखवायला हवेत. तो ७० किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे. हा आकडा बरोबर असेल तर पहाटे मोकळ्या हायवेवर, तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून, शेजारी बसलेल्याला दोन रकाने वाचायला सांगा: मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. दुसरा आकडा शंभराच्या आसपासच रेंगाळत असेल तर तक्रार खरी आहे.

‘बंद करून चालू केली, ठीक झाली, म्हणजे काही नव्हतंच’ हा समज तर पुढे महागात पडतो. बऱ्याच डिझेल टर्बोंच्या आत हलणाऱ्या पात्या असतात. काजळीने त्या अडकल्या की दाब भलताच वाढू शकतो आणि इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर ताकद कमी करतो. चावी फिरवली की तो नव्याने सुरुवात करतो. पात्या मात्र अडकलेल्याच राहतात. पात्या हलवणारा, व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर असेल तर हातपंप लावून त्याची दांडी सरकते का आणि जागेवर टिकते का, हे काही मिनिटांत कळतं. त्याचा पेन्सिलीएवढा रबरी पाइपही पाहा. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशी हे पाइप आणि वायरी कुरतडतात, आणि तेवढ्याने अख्खा टर्बो मेल्यासारखा वागतो.

पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून गाडी काढल्यावर पिकअप गेला, तर आधी एअर फिल्टर उघडा. भिजलेला कागदी फिल्टर हवा अडवतो. आत पाणी दिसलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

इथेनॉलवर खापर फोडणं हल्ली सोपं झालं आहे. २० टक्के मिश्रणाने मायलेज थोडं घटतं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. पण त्यामुळे कालची ताकद आज गायब होत नाही. क्लचचंही तसंच: ट्रॅफिकमध्ये घासून गेलेला क्लच घसरतो तेव्हा आरपीएम चढतो आणि वेग वाढत नाही. टर्बोचा दाब गेला की आरपीएमसुद्धा मुश्किलीने चढतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो. घर ते मुलुंड स्टेशन एवढंच रोज चालणाऱ्या गाडीत तो जळून साफ व्हायला पुरेसा तापत नाही, तुंबतो, आणि कॉम्प्युटर ताकद आवळतो. तो कापून काढण्याचा सल्ला मिळेल. तसं करणं बेकायदा आहे आणि मागे चालणाऱ्यांच्या फुफ्फुसांवर उठणारं आहे.

टर्बो खरोखर गेला असेल, म्हणजे दांडा डगमगतो आहे, पाती घासली आहेत, निळा धूर येतो आहे, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. डिझेल इंजिन टर्बोतून गळणारं तेलच जाळत बेफाम पळू शकतं आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडावा लागतो. नवा टर्बो बसवताना त्याला तेल पोचवणारा पाइप साफ केला की बदलला, हे स्वतः विचारा. आत जळकं तेल साचून तो अर्धा बुजलेला असेल तर नव्या टर्बोचं बेअरिंगही तेलावाचून जाईल.