दमट हवेतील ११३ किलोमीटर

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. अंतर वाढत जाते तसे या शर्यतीचे स्वरूप इतके पालटते की, शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिची लहान आणि मोठी रूपे हे दोन वेगळे खेळच मानावे लागतात. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून खेळल्या जाणाऱ्या ट्रायथलॉनमध्ये दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते आणि निष्णात खेळाडू ती दोन तासांच्या आसपास संपवतात. ‘हाफ आयर्नमन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत मात्र १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून, वर २१.१ किलोमीटर धावावे लागते. हे एकूण ११३ किलोमीटर सर्वसाधारणतः साडेआठ तासांच्या आत पार करायचे असतात. पूर्ण आयर्नमन याच्या दुप्पट, म्हणजे २२६ किलोमीटरचा असतो. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे तो प्रथम झाला, तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी तो पूर्ण केला.

महाराष्ट्रात या खेळाची ओळख गेल्या दीड दशकात रुजली. राष्ट्रीय पातळीवरील जलतरणातून या शर्यतीकडे वळलेले पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी पूर्ण आयर्नमन अनेकदा पार करून पुढे इतरांना प्रशिक्षण दिले. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिच येथील आयर्नमन १५ तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण केला, तर महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये हाच पल्ला गाठला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली आयर्नमन ७०.३, म्हणजे मैलांत मोजलेली हीच ११३ किलोमीटरची शर्यत, झाली आणि परदेशवारी न करता हे अंतर आजमावण्याची वाट सामान्य नोकरदारांनाही मोकळी झाली. तथापि झुरिचची कोरडी, थंड हवा आणि कोकणपट्टीची दमट हवा यांत मोठे अंतर आहे. भिवंडीसारख्या शहरात राहून पहिल्या दीर्घ ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्याच्या दृष्टीने किलोमीटरपेक्षाही हवेतील बाष्प महत्त्वाचे ठरते, आणि त्याचे कारण शरीरातील ऊर्जेच्या हिशेबात सापडते.

साठा मर्यादित, खर्च अमर्याद

स्नायूंना इंधन पुरवणारे दोन मुख्य साठे शरीरात असतात. पहिला साठा चरबीचा असून तो सडपातळ माणसाच्या अंगातही हजारो किलोकॅलरींचा असतो, परंतु त्यातून ऊर्जा सावकाश सुटते. दुसरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांचा. तो वेगाने वापरता येतो, मात्र त्याचे प्रमाण साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी इतकेच असते. सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीला धावताना दर किलोमीटरला अंदाजे ७० किलोकॅलरी लागतात, म्हणजे २१ किलोमीटरच्या धावण्यालाच दीड हजारांच्या घरात ऊर्जा खर्ची पडते. त्यात पोहणे आणि सायकल मिळवली, तर एकूण खर्च साडेतीन हजारांच्या पुढे जातो.

हे अंतर कोणीही केवळ ग्लायकोजेनवर कापू शकत नाही. वेग जितका अधिक, तितका कर्बोदकांचा वाटा अधिक, आणि वेग जितका संयत, तितका चरबीचा वाटा अधिक, हा स्नायूंचा नियमच आहे. त्यामुळे पहिल्या दोन टप्प्यांत उत्साहाच्या भरात केलेल्या घाईची किंमत शेवटच्या टप्प्यात वसूल होते. साठा संपत आला की रक्तातील साखर घसरते, पाय जड होतात आणि मेंदूलाही इंधन कमी पडल्याने निर्णयशक्ती मंदावते. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतील शर्यतीत महिलांमध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेपासून काही पावलांवर कोसळली आणि रांगत पुढे सरकली. दूरचित्रवाणीवर दिसलेल्या त्या दृश्यात जिद्द जितकी होती, तितकाच शरीरातील इंधन आणि पाणी आटल्याचा परिणामही होता.

सुताला हवी ती आर्द्रता, अंगाला नको

मानवी स्नायू हे यंत्र म्हणून फारसे कार्यक्षम नाहीत, कारण सायकल चालवताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भाग पेडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेला उष्णतेच्या रूपाने शरीरातच राहतो. पेडलवर १३० वॅट शक्ती लावणाऱ्या व्यक्तीच्या अंगात जवळजवळ साडेचारशे वॅट उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडलीच नाही, तर ७० किलोच्या शरीराचे तापमान तासाभरात सहा अंश सेल्सिअसहून अधिक वाढेल, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण त्वचेवरील एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे तासाला दोन तृतीयांश लिटर घाम वाळला तरी हा सगळा भार उतरू शकतो.

येथे वाळणे हा शब्द कळीचा आहे, कारण ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ नेतो, परंतु उष्णता जवळपास नेतच नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर त्वचेवरील पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. खाडीकाठच्या भिवंडीत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, ८० टक्क्यांच्या वर जाणे नित्याचे असते, आणि पाऊस ओसरल्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हातही हवेतला ओलावा टिकून असतो. कापसाचे सूत ओलावा धरल्यावर अधिक बळकट होते आणि मागावर कमी तुटते, म्हणून विणकामाला दमट हवा मानवते. यंत्रमागांच्या या शहरात धाग्याला उपकारक ठरणारी तीच हवा श्रमणाऱ्या शरीराला मात्र तापवत ठेवते.

त्वचेकडे अधिक रक्त वळवून शरीर उष्णता बाहेर टाकू पाहते, तेव्हा स्नायूंना आणि आतड्यांना मिळणारा रक्ताचा वाटा घटतो. घामामुळे रक्तातील द्रवही कमी होत गेल्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकले जाते. परिणामी वेग तोच राहूनही नाडी तासागणिक चढत जाते आणि पोट अन्न नाकारू लागते. सायकलवर ताशी २५ किलोमीटरने जाताना अंगावर येणारा वारा घाम वाळवतो, पण धावताना तो वारा तृतीयांशावर येतो आणि तोवर दुपारही झालेली असते. दीर्घ ट्रायथलॉनमधील बहुतेक संकटे धावण्याच्या टप्प्यात उद्भवतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाणी, मीठ आणि साखर

गमावलेले द्रव भरून काढण्याचा सोपा वाटणारा उपाय, म्हणजे मिळेल तेवढे पाणी पिणे, धोकादायक ठरू शकतो. घामावाटे सोडिअम जात असताना नुसत्या पाण्याचा मारा केल्यास रक्त पातळ होऊन त्यातील सोडिअमचे प्रमाण लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरते, पेशी फुगतात आणि मेंदूला सूज आल्यास जीवावर बेतते. दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंमधील ही अवस्था १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिली. म्हणून तहानेकडे लक्ष देऊन पिणे आणि सरावाच्या आधी व नंतर वजन करून आपल्याला तासाला किती घाम येतो हे जाणून घेणे, ही नवख्याची पहिली प्रयोगशाळा असते. सराव संपताना वजन वाढलेले आढळले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायले गेले, असे निश्चित समजावे.

लहान आतड्याच्या भिंतीत सोडिअम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत घेणारे एक वाहक प्रथिन असते आणि त्या दोहोंमागोमाग पाणीही शोषले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या या तत्त्वावर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, उभी आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पटकीच्या साथीत हेच मीठ-साखरेचे पाणी देऊन असंख्य प्राण वाचवले. खेळाडूच्या बाटलीतील पेय त्याच तत्त्वावर काम करते. फरक इतकाच की त्यात साखर अधिक असते, कारण पाण्याबरोबर ऊर्जाही पुरवायची असते. या वाहकाची क्षमता तासाला सुमारे ६० ग्रॅम ग्लुकोजपर्यंत असते. फ्रुक्टोज वेगळ्या वाहकामार्फत शोषले जात असल्याने दोन्हींच्या मिश्रणातून, सवय केलेल्या आतड्याला, तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेता येतात. केळी, खजूर आणि साखर यांत हे दोन्ही घटक असतात. मात्र शर्यतीत जे खायचे ते आधी सरावात अनेकदा खाऊन पोटाला रुळवलेले असावे लागते.

तीन प्रकार, एकच अंदाजपत्रक

पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असल्याने पोहताना बळापेक्षा शरीराची आडवी, सरळ स्थिती अधिक ऊर्जा वाचवते. समुद्राच्या खारट पाण्यात शरीर किंचित वर उचलले जाते ही जमेची बाजू असली, तरी लाटांत दिशा राखण्यासाठी वरचेवर मान उचलून पाहण्याची सवय तरणतलावात लागत नाही, तिचा सराव वेगळा करावा लागतो. सायकलवर हवेचा विरोध निर्णायक असतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी २५ वरून ३० किलोमीटरवर जाताना ती जवळजवळ पावणेदोन पट होते. ९० किलोमीटरमध्ये वाचलेली ३६ मिनिटे धावताना चालत जाऊन परत गमावण्यापेक्षा ती मुळातच सोडून देणे, हे पहिल्या शर्यतीचे शहाणपण आहे.

सायकलवरून उतरल्यावर पाय परके वाटतात, कारण पेडल मारताना स्नायू आखडत काम करतात, तर धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट आघात झेलत त्यांना ताणले जात असतानाही जोर धरावा लागतो. सायकलनंतर लगेच थोडे धावण्याच्या सरावाने, ज्याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात, मज्जासंस्था हा बदल लवकर स्वीकारते.

या सर्वांना वेळ लागतो. जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, काही आठवडे नियमित धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची क्षमता जवळपास दुप्पट होते. माणसातही दीर्घ, संथ सरावाने तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात आणि त्याच वेगाला चरबीचा वाटा अधिक होतो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र याहून सावकाश बळकट होत असल्याने, दम वाढला म्हणून अंतर एकदम वाढवणाऱ्याला दुखापत गाठते. उष्णतेशी जुळवून घेणे तुलनेने लवकर साधते. दहा ते चौदा दिवस रोज उष्ण हवेत बेताचा व्यायाम केल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठही कमी जाते. भिवंडीहून वज्रेश्वरी किंवा पडघ्याच्या बाजूला पहाटे सायकल चालवणाऱ्याला रहदारी टाळता येते हे खरे, परंतु शर्यतीपूर्वीच्या पंधरवड्यात काही हलके सराव उन्हे वर आल्यावर करणेही आवश्यक ठरते. सुरुवात करण्याआधी हृदयाची वैद्यकीय तपासणी, आणि चक्कर, गोंधळ किंवा छातीत दुखणे जाणवताच तत्काळ थांबणे, या दोन बाबतींत तडजोड असू नये.

पहिली दीर्घ ट्रायथलॉन पूर्ण करणे हे इच्छाशक्तीचे काम मानले जाते आणि इच्छाशक्तीशिवाय महिनोन्‌महिने पहाटे उठणे शक्यही नाही. शर्यतीच्या दिवशी मात्र तिचा खरा उपयोग वेग वाढवण्यासाठी नसून तो आवरण्यासाठी असतो. हे विज्ञान खेळाडूंपुरते ठेवणे अन्यायाचे होईल. मागांच्या खोलीत पाळी भरणारा कामगार आणि गोदामात ट्रक उतरवणारा हमाल उष्णतेचा हाच भार वर्षानुवर्षे वाहतात, त्यांना कोणी पदक देत नाही आणि वाटेत पाण्याची टेबलेही मांडत नाही. सावली, वारा, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी यांची गरज जी शर्यतीच्या आयोजकाला कळते, ती कारखान्याच्या आणि गोदामाच्या मालकालाही कळली पाहिजे आणि त्याने ती पुरवली पाहिजे.