हातचा राखून खेळणारे

२०२५ सालच्या फेब्रुवारीत इंदूरच्या यशवंत क्लबात राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पंकज अडवाणीने ब्रिजेश दमानीला हरवून विजेतेपद मिळवले. अडवाणीचा जन्म पुण्याचा, खेळ घडला तो बेंगळुरात. तेव्हा या अंकाच्या मराठी आणि कानडी या दोन्ही विभागांनी त्याच्यावर हक्क सांगायला हरकत नाही.

मात्र हिरव्या टेबलाभोवती जमणाऱ्या मंडळींत विजेत्यांच्या गोष्टी फारशा रंगत नाहीत. रंगतात त्या निराळ्या माणसांच्या. कोणी अनोळखी इसम येतो, साधासुधा दिसतो, दोन डाव हरतो, पैज वाढवायला लावतो आणि मग सगळ्यांचे खिसे रिकामे करून निघून जातो. अमेरिकेत अशा खेळाडूला 'हसलर' म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही; 'हातचा राखून खेळणारा' म्हटले की बरेचसे जमते.

हसलरचे खरे कसब हरण्यात असते. वाईट खेळून हरणे कोणालाही जमेल; पण समोरच्याला आपल्याच जोरावर जिंकल्यासारखे वाटले पाहिजे. चेंडू पॉकेटच्या तोंडाशी येऊन अडावा, सोपा फटका केसभर चुकावा आणि सावजाने मनात म्हणावे, 'गडी बरा आहे, पण माझ्यापेक्षा कच्चा.' एवढे झाले की पैज दुप्पट करण्याची सूचना सावजाकडूनच येते. जिंकतानाही हसलर थोडक्यातच जिंकतो, म्हणजे हरणारा पुन्हा बसतो. ज्याला फटका हवा तितकाच चुकवता येतो, त्याला तो मारता तर येतच असतो, हे सांगायला नको.

या धंद्याला एकच मोठा शत्रू, तो म्हणजे प्रसिद्धी. फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला गेला तो सेझर मोरालेस हे नाव घेऊन. त्याचे खरे नाव जाणकारांच्या कानी पोचलेले होते. चेहरा मात्र कोणी पाहिलेला नव्हता. बावीस दिवसांत त्याने ऐंशी हजार डॉलर जिंकले असे सांगतात. आकडा ऐकीव आहे आणि अशा गोष्टींत आकडे फुगतातच. पण खेळाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 'नाइन-बॉल' या प्रकारात टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी स्पर्श करावा लागतो. तो दुसऱ्या चेंडूआड लपला तर पांढरा चेंडू कडेच्या रबरी कुशनवर आपटवून वळणाने न्यावा लागतो. इतरांना तिथे चेंडूला नुसता स्पर्श झाला तरी पुरे असते. रेयेस तोच चेंडू पॉकेटात घालून दाखवी. लोक त्याला 'जादूगार' म्हणू लागले आणि हसलर म्हणून त्याचे दिवस संपले, कारण आता त्याच्याशी पैज लावणार कोण? १९९९ मध्ये कार्डिफला तो उजळ माथ्याने जगज्जेता झाला.

उलट उदाहरण रुडॉल्फ वांडरोनचे. १९६१ मध्ये 'द हसलर' हा चित्रपट आला. त्यातला मिनेसोटा फॅट्स म्हणजे मीच, असे हा गृहस्थ सांगत सुटला. मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेविस नाही म्हणत राहिला, पण ऐकतो कोण! त्या नावावर वांडरोनने उरलेला जन्म काढला. १९७८ मध्ये दूरदर्शनवर त्याचा सामना विली मोस्कोनीशी लावला गेला, तो मोस्कोनीने जिंकला. याच मोस्कोनीने १९५४ मध्ये एका प्रदर्शनी खेळात ओळीने ५२६ चेंडू पॉकेटात घातले होते. तरीही सामान्य माणसाच्या लक्षात राहिला तो फॅट्स. बडबडीला गिऱ्हाईक अधिक.

पैज या खेळाच्या नावातच आहे. 'पूल' म्हणजे सर्वांनी मिळून मांडलेली रक्कम. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पैसे लावून 'ब्लॅक पूल' खेळणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी नेव्हिल चेंबरलेनने त्यात आणखी रंगीत चेंडू घातले, आणि स्नूकर जन्मले. पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. हा नंतर 'सेंट्रल इंडिया हॉर्स' या पलटणीत गेला आणि खेळही बरोबर घेऊन गेला. त्या पलटणीची ठाणी गुना आणि आगर येथे होती. म्हणजे इंदूरकरांच्या माळव्यात स्नूकर जवळजवळ जन्मापासूनच आले.

आपल्याकडे मात्र या टेबलावर नाव झाले ते हातचा न राखणाऱ्या माणसाचे. विल्सन जोन्स १९२२ मध्ये पुण्यात जन्मले. त्यांचा मुख्य खेळ बिलियर्ड्स. त्यात टेबलावर तीनच चेंडू आणि एका फटक्याला बहुधा दोन किंवा तीन गुण. म्हणजे तीनशेचा 'ब्रेक' करायचा तर न चुकता शंभरावर फटके. प्रत्येक फटका पुढच्या फटक्याची सोय करून मारायचा, चेंडू एकमेकांजवळ ठेवायचे. इथे लपवालपवी करून किती वेळ निभावणार? एक डोळे दिपवणारा फटका पाहून टाळ्या मिळतात. जोन्स यांच्या प्रकारात तसा फटका मारण्याची वेळ येणे हाच आधीच्या फटक्याचा दोष. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की यात काही विशेष नाही, चेंडू तर सोपेच होते. ते सोपे कोणी करून ठेवले, हे ज्याला कळते त्यालाच हा खेळ कळतो.

१९५० ते १९६६ या काळात ते बारा वेळा राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेते झाले. १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी स्पर्धा जिंकून कोणत्याही खेळातले स्वतंत्र भारताचे पहिले जगज्जेते ठरले, आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा तोच मान मिळवला. एवढे असूनही त्यांच्याविषयी चुरचुरीत किस्से फार थोडे. हसलरच्या डावांचा हिशेब कोणी लिहीत नाही, म्हणून तोंडोतोंडी गोष्ट वाढत जाते. जोन्स यांचे गुण फळ्यावर लिहिलेले. त्यात भर घालायला कोणाला वाव नाही. कॉलेजातल्या पोरांना हसलरचे आकर्षण वाटते ते स्वाभाविकच आहे. पण त्यांच्यापैकी जो टेबलाकडे वळेल, त्याला हसलरकडून शिकता येणार नाही, कारण शिकवायचे तर हात उघडा करावा लागतो.

जोन्स यांनी तो केला. खेळणे थांबवल्यावर ते शिकवू लागले आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांच्यानंतर मुंबईच्याच मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा ते जागतिक विजेतेपद भारतात आणले होते.