ओटा कुठे बांधायचा, हे भाजीवालीला विचारा

नगरपालिका लाखो रुपये खर्चून सिमेंटचे ओटे बांधते, वर पत्रे चढतात, फीत कापली जाते. आणि भाजीवाल्या मात्र रस्त्याच्या कडेलाच बसतात. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत हे घडले आहे. अतिक्रमण पथक आले की पाल गुंडाळायचे, गेले की पुन्हा पसरायचे. दोष विक्रेत्यांच्या हट्टाला दिला जातो. पण बहुतेकदा ते ओटे गिऱ्हाइकाच्या वाटेवरच नसतात. कामावरून घरी निघालेला माणूस पावशेर मिरची आणि सांबाराच्या जुडीसाठी आडवाटेला वळत नाही.

संसदेने २०१४ साली केलेल्या पथविक्रेता कायद्याने ही गोष्ट ओळखली. पिढ्यान्‌पिढ्या विक्रेते आणि गिऱ्हाईक जिथे आपोआप जमतात, त्या जागेला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. इतर बाजारांतल्या विक्रेत्यांना हलवणे अटळच असेल, तर पुनर्वसनाच्या आखणीत विक्रेत्यांना सामील करून घ्यावे लागते.

त्यासाठी प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असतात आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असतात.

उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या सहा नगरपरिषदा आहेत. शिवाय सेलू, समुद्रपूर, आष्टी आणि कारंजा या नगरपंचायती. या सगळ्यांना हा कायदा लागू आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असा त्याचा निकष. २०११च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १ लाख ६ हजारांच्या वर होती. म्हणजे एकट्या या शहरात सुमारे २,६६० विक्रेत्यांच्या जागेचा विचार करावा लागेल.

हा प्रश्न कागदावर सुटत नाही. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारनंतर ऊन कोणत्या बाजूने आत शिरते, पालेभाजीवर शिंपडायला पाणी कुठून आणायचे, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर किती रुंदी लागते, बायकांसाठी जवळ स्वच्छतागृह आहे का, रात्री माल कुठे ठेवायचा, याची उत्तरे तिथे रोज बसणाऱ्यांकडेच असतात. आराखडा तपासायला मोठा खर्चही लागत नाही. जमिनीवर फक्कीने जागा आखून काही दिवस बाजार भरवून पाहता येतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक नगरपालिकांनी मैदानांवर असेच चौकोन आखले होते.

विक्रेत्यांना विचारून बाजार आखण्याचे काम दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराने मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. तिथल्या वॉरविक जंक्शनमधून रोज सुमारे साडेचार लाख प्रवासी ये-जा करतात. १९९०च्या दशकात पालिकेने विक्रेत्यांशी बोलून त्या परिसराची नवी आखणी केली आणि अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलांवर वनौषधींचा बाजार उभा राहिला. पुढे २००९ मध्ये तिथल्या जुन्या भाजीबाजाराच्या जागी मॉल बांधण्याचा घाट घातला गेला. विक्रेते कोर्टात गेले, नागरिकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो मॉल झाला नाही.

आपल्या शहरात नव्या बाजाराचा ठराव येईल, तेव्हा नागरिकांनी एवढेच मागावे: पथविक्रेता समितीच्या बैठकीचे इतिवृत्त दाखवा. ते नसेल, तर ओट्यांचे टेंडर काढण्याची घाई करू नका.