तांबड्या पेशींवरील ग्राहक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत हिंवताप जुना पाहुणा आहे. एकाच पाड्यावर एक मूल चार दिवसांत खेळूं लागतें, दुसरें फाल्सिपेरम जंतूनें बेशुद्ध होतें, असें कां? कारणें अनेक, एक रक्तांतच दडलेलें आहे.

‘पूरक’ ही रक्तांतील प्रथिनांची संरक्षक फौज. तिनें खूण केलेला केरकचरा उचलणारा ‘सीआर-१’ नामक ग्राहक तांबड्या पेशींवर असतो. त्याचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. जंतूनें ग्रासलेली पेशी निरोगी पेशींच्या याच ग्राहकास धरून त्यांस भोंवतीं चिकटवून घेते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रखवालदारच चोराच्या कामीं यावा, तसा हा प्रकार! पापुआ न्यू गिनींत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, जनुकभेदामुळें हा ग्राहक कमी असणारांस तीव्र हिंवतापापासून संरक्षण मिळाल्याचें दिसलें.

पाड्यावरील मातेस मात्र हा भेद डोळ्यांनीं दिसत नाहीं. म्हणून ताप येतांच बोटाचें रक्त तपासून घ्यावें.