गाणं कोलंबोहून यायचं तेव्हा

आजोबांच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, एक लहानसं पुस्तक सापडलं. रेडिओचं लायसन्स. आत दर वर्षाचं तिकीट डकवलेलं, त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचा परवाना लागे, आणि तो पोस्टात जाऊन दर वर्षी नव्याने करून घ्यावा लागे. या परवान्याचं मूळ थेट १८८५ च्या तार कायद्यात. गंमत अशी, की पैसे भरायचे ते भारत सरकारला आणि बुधवारी रात्री आठ वाजता काटा फिरवायचा तो रेडिओ सिलोनवर.

याला कारण झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ साली ते माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, धृपदाची तालीम घेतलेला. सिनेमातली गाणी त्यांना उथळ वाटत आणि त्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंद खटके. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कापला गेला. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकट जाहिरात, असंही ठरलं. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. लोक याला ‘केसकरांची बंदी’ म्हणतात, पण टाळी एका हाताने वाजलेली नव्हती.

आकाशवाणीला असे सोवळेपणाचे झटके आधीही आले होते. १९४० साली हार्मोनियमवर बंदी आली, कारण तिच्या पक्क्या सुरांतून श्रुती निघत नाहीत आणि मींड घेता येत नाही. आक्षेप शास्त्राला धरून होता, यात शंका नाही. पण गावोगावी कीर्तनकार आणि नाटकवाले पेटीवरच गात राहिले. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.

केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. शनिवारी रात्रीची शास्त्रीय संगीताची अखिल भारतीय सभा त्यांच्याच काळातली. केंद्रांवर सुगम संगीताला बळ मिळालं तेही तेव्हाच. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचं नवं गीत आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, नवी चाल. गीतं छप्पन्न झाली. सिनेमाच्या गाण्याला रेडिओवर मोकळं रान असतं, तर केंद्राने एवढा पसारा मांडला असता का?

पण कायद्याला सरहद्द असते, शॉर्टवेव्हला नसते. तिच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी कोलंबोला जबरदस्त ताकदीचा प्रक्षेपक बसवला होता. युद्ध संपल्यावर तो तिथल्या सरकारकडे आला. रेडिओ सिलोनला जाहिराती चालत होत्या आणि सिनेमाची गाणीही. आणखी काय हवं?

याच सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ १९५२ साली सुरू झाली, बुधवारी रात्री आठची. टूथपेस्ट बिनाकाची, आवाज अमीन सयानींचा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. तिथून गाणं हवेतून परत मुंबईत, नागपुरात, अमरावतीत. ऐकणं सोपं नव्हतं. व्हॉल्व्हचा सेट आधी तापू द्यायचा, हिरवा डोळा मिटत आणायचा, खोलीभर ताणलेल्या जाळीच्या एरियलचं टोक कुणीतरी धरून उभं राहायचं. आवाज भरून यायचा आणि ऐन अंतऱ्यात ओसरायचा. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, हे वहीत टिपून ठेवणारे शाळकरी गल्लोगल्ली होते. रेकॉर्ड कंपन्यांनाही हा क्रम कळायचा. रेकॉर्डच्या एका बाजूवर मावणारं तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आता विकलं जायचं ते या क्रमावर.

दिल्लीला जाग यायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, चित्रपटगीतांसकट. तोवर श्रोत्यांचा काटा सिलोनवर गंजून बसला होता. तो हलवला ट्रान्झिस्टरने. एरियल गेलं, गाणं शेतावर आणि सलूनमध्ये पोचलं. जाहिरातींना मात्र विविध भारतीने आणखी दहा वर्षं दार उघडलं नाही. उघडलं ते १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. तोवर जाहिरातींचा पैसा समुद्रापलीकडे जात होता आणि खात्यातल्या कुणाला त्याची घाई नव्हती.

ऐंशीच्या दशकात लायसन्स रद्द झालं. त्याच सुमाराला कॅसेट आली. आता हवं ते गाणं हवं तेव्हा, तेही फूटपाथवरून. सयानींची गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली. टेप आता विमानात घालावी लागत नव्हती. पण बुधवारी आठच्या ठोक्याला एरियल धरून उभं राहणारं घरात कुणी उरलं नव्हतं.