पोटावरचे द्वार आणि पाण्याची वेळ

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागावरील शस्त्रक्रियेत गुदद्वार काढून टाकावे लागले, तर शल्यवैद्य आतड्याचे टोक पोटावर आणून शिवतात. यालाच कोलोस्टोमी म्हणतात. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्ट येथे ड्युरे या शल्यवैद्याने गुदद्वारावाचून जन्मलेल्या अर्भकावर ती केली आणि ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. जीव वाचतो हे तेव्हाच दिसले. चारचौघांत बसायचे कसे, हा प्रश्न उरला.

कारण या नव्या द्वाराला आवळून धरणारे स्नायू नसतात. मळ केव्हा येईल हे माणसाच्या हाती राहत नाही, म्हणून पोटावर पिशवी लावावी लागते. आमच्या शहरात २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय निघाले आणि मराठवाड्यातील पुष्कळ रुग्णांची मुंबईची खेप वाचली. पण घरी परतलेला माणूस लग्नाची पंगत, एसटीचा प्रवास, असली दोन तासांची व्याख्याने एकेक करून सोडू लागतो. विचारले तर प्रकृतीचे निमित्त सांगतो.

यावर पाण्याने आतडे धुण्याचा उपाय आहे. बस्तीच्याच जातीचा म्हणा. रोज किंवा एक दिवसाआड, ठरल्या वेळी, साधारण अर्धा ते एक लिटर कोमट पाणी मऊ शंकूच्या टोकाने द्वारातून आत सोडतात. आतडे ताणले की ते आकुंचन पावते आणि मळ लांब बाहीसारख्या पिशवीतून शौचकूपात पडतो. तासभर मोडतो खरा. पण मग पुष्कळांचा पुढचा दिवसभर निर्धास्त जातो. आतड्याला ही सवय लागण्यास मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

उंचावरच्या पाण्याला जोर असतो, हे पाणचक्की पाहिलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. येथे तो बेताचाच हवा. पाण्याच्या पिशवीचा तळ बसलेल्या माणसाच्या खांद्याइतका उंच ठेवावा आणि पोटात कळ आली की पाणी थांबवावे. पाणी पिण्यायोग्य असावे. नळाच्या पाण्याचे दिवस मोजण्याची सवय असलेल्या आमच्या गावाने साठवणीचे पाणी उकळून निववून घेतलेले बरे.

हा उपाय सर्वांसाठी नव्हे. लहान आतड्याचे टोक बाहेर काढले असेल, द्वाराशेजारी हर्निया असेल, किरणोपचाराने जुलाब होत असतील, तर तो वर्ज्य. शल्यवैद्याची संमती घ्यावी आणि पहिले धडे जाणत्या परिचारिकेच्या देखरेखीखाली गिरवावेत. दवाखान्यातून निघण्यापूर्वी रुग्णाने, किंवा त्याला संकोच वाटत असेल तर घरच्यांनी, हा विषय स्वतःच काढावा.