बंदिवानाचा अर्ज कोणापुढे जातो?

१९६५ साली मुंबईच्या तुरुंगातील एका स्थानबद्धाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले होते. ते छापण्यासाठी बाहेर पाठवू देण्यास सरकार तयार नव्हते. न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. माणूस बंदिवान झाला म्हणून त्याचे सारेच हक्क तुरुंगाच्या दाराशी उतरवून घेतले जात नाहीत, हे आपण यावरून शिकलो. परंतु दाद मागणारा अर्ज कोणत्या न्यायाधीशापुढे जावयाचा आणि ते ठरवावयाचे कोणी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय. अमेरिकेने तो कसा सोडवला आहे, ते पाहू.

राज्याच्या अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क हिरावल्यास त्याच्यावर दिवाणी दावा करण्याची सोय तेथे १८७१ च्या कायद्याने झाली. हा मार्ग बंदिवानासही मोकळा आहे, हे १९६४ च्या ‘कूपर विरुद्ध पेट’ या खटल्यात स्पष्ट झाले. असे अर्ज पुष्कळदा वकिलावाचून, हाताने लिहिलेले असतात.

अर्ज संघीय जिल्हा न्यायालयात दाखल झाला की न्यायाधीशाची निवड सामान्यतः चिठ्ठी टाकावी तशी, आता संगणकाच्या साह्याने, होते. वाटपाचे नियम प्रत्येक न्यायालय आपल्यापुरते करते आणि त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी मुख्य न्यायाधीशावर असते. कोणत्याही पक्षास सोयीचा न्यायाधीश निवडता येऊ नये, हा यातील हेतू.

तथापि चिठ्ठीत नाव निघालेला न्यायाधीशच अर्ज प्रथम वाचतो असे नाही. १९६८ च्या कायद्याने तेथे ‘मॅजिस्ट्रेट जज’ हे पद निर्माण झाले. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते. पूर्णवेळ मॅजिस्ट्रेट जजाची मुदत आठ वर्षांची. तुरुंगातील परिस्थितीविषयीचे अर्ज त्याच्याकडे सोपविण्यास कायद्याची स्पष्ट मुभा आहे. तो कागद तपासून निर्णयाची शिफारस करतो. त्यावर चौदा दिवसांत हरकत घेतल्यास तेवढ्या भागाचा विचार जिल्हा न्यायाधीशाने नव्याने केलाच पाहिजे. हरकत न घेतल्यास पुष्कळ ठिकाणी अपिलाची वाटही आखडते. कोठडीत बसून, कायद्याच्या पुस्तकावाचून, हे चौदा दिवस सांभाळणे किती कठीण, याची कल्पना आपण करू शकतो. संपूर्ण दावा मॅजिस्ट्रेट जजाने निकालात काढावयाचा तर मात्र दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि ती नाकारण्याचा बंदिवानास पूर्ण अधिकार आहे.

काही प्रश्न एका न्यायाधीशावर सोपविलेले नाहीत. गर्दी कमी करण्यासाठी कैदी सोडण्याचा हुकूम, १९९६ च्या कायद्यानुसार, तीन न्यायाधीशांचे मंडळच देऊ शकते. कॅलिफोर्नियातील तुरुंगांत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसे कोंडलेली असताना अशाच मंडळाने ती संख्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा हुकूम केला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात खटल्यांचे वाटप सरन्यायाधीश करतात. हा अधिकार त्यांचाच, असे २०१८ मध्ये त्या न्यायालयाने पुन्हा सांगितले. एके ठिकाणी भिस्त चिठ्ठीवर, दुसरीकडे व्यक्तीच्या विवेकावर. पद्धत कोणतीही असो, ज्याला न्यायालयाची पायरी स्वतः चढता येत नाही, त्याचा कागद कोणीतरी निःपक्षपातीपणे शेवटपर्यंत वाचील, एवढी खात्री तिने दिली पाहिजे.